आईवडिलांच्या नावातलं घर आणि मेडिकेडची वसुली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मुलांकडे येऊन राहिलेल्या आईवडिलांची पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. कुणाचे बाबा नर्सिंग होममध्ये आहेत, कुणाच्या आईला आंघोळ घालायला घरी मदतनीस येते, आणि त्याचे पैसे मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य योजना, भरतं. घराच्या डीडवर, म्हणजे मालकीच्या नोंदवलेल्या कागदावर, मुलाबरोबर त्यांचंही नाव असतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे बहुतेकांना कळतं ते दिवसकार्य उरकल्यावर, राज्याचं पत्र हातात पडलं की. ते पत्र येण्याआधी वाचता यावं म्हणून हे लिहिलं आहे. उदाहरणं मुख्यतः न्यू जर्सीची आहेत, कारण तिथं मराठी वस्ती मोठी आहे आणि तिथले नियमही कडक आहेत. नियम राज्यागणिक बदलतात, त्यामुळे कोणत्याही कागदावर सही करण्याआधी आपल्याच राज्यात वृद्धांच्या कायद्याचं काम करणारा वकील गाठा.

मेडिकेड ही सरकारी मदत ना? मग वसुली कसली?

मदतच आहे. पण वयाच्या ५५ वर्षांनंतर मिळालेल्या काही सेवांचा खर्च माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेतून परत मागितला जातो. १९९३ पर्यंत अशी वसुली करायची की नाही हे राज्यांच्या मर्जीवर होतं. त्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने ओम्निबस बजेट रिकन्सिलिएशन अॅक्ट मंजूर केला आणि ती सगळ्या राज्यांना बंधनकारक झाली. नर्सिंग होम, घरी किंवा समाजात राहून मिळणारी दीर्घकालीन सेवा, आणि त्या काळातला संबंधित हॉस्पिटल व औषधांचा खर्च, एवढ्याची वसुली राज्याला करावीच लागते. त्यापुढे जाऊन मेडिकेडने भरलेला इतर खर्चही मागायचा का, हे राज्य ठरवतं.

या वसुलीतून मिळतं तरी किती? २०१९ च्या आर्थिक वर्षात देशभरातून सुमारे ७३ कोटी डॉलर. मेडिकेड दीर्घकालीन काळजीवर जो खर्च करतं त्याच्या एक टक्काही ही रक्कम होत नाही. मॅकपॅक या काँग्रेसच्याच सल्लागार मंडळाने २०२१ मध्ये शिफारस केली की ही सक्ती काढून राज्यांना मोकळीक द्यावी. अजून तसं झालेलं नाही. ज्यांच्याकडे बराच पैसा आहे ते वेळेत वकील गाठून व्यवस्था लावतात. ज्यांच्याकडे राहतं घर सोडून काहीच नाही, त्यांच्याच दारात हे पत्र येतं. मला हा कायदा अन्यायाचा वाटतो, पण तो आहे तोवर त्याची माहिती असणं भाग आहे.

बाबांना मेडिकेअर आहे. मग मेडिकेडचा संबंध कुठे येतो?

मेडिकेअर हा मुख्यतः ६५ वर्षांपुढच्यांचा सरकारी आरोग्य विमा, तो दीर्घकाळच्या देखभालीचा खर्च देत नाही. हॉस्पिटलात सलग तीन दिवस भरती राहून पुढे नर्सिंग सुविधेत गेलात तर जास्तीत जास्त १०० दिवसांपर्यंत ते पैसे भरतं. त्यातले पहिले २० दिवस पूर्ण, पुढे रोजची ठराविक रक्कम आपल्या खिशातून. त्यानंतर भरवणं, कपडे बदलणं, रात्री कूस बदलून देणं हा सगळा खर्च कुटुंबाचा, आणि नर्सिंग होमचं बिल बहुतेक ठिकाणी वर्षाला एक लाख डॉलरच्या पुढे जातं. साठवलेले पैसे संपले की मेडिकेडचा अर्ज करावा लागतो. मेडिकेअरच्या खर्चाची वसुली होत नाही. मेडिकेअरचा हप्ता भरायला मदत करणाऱ्या मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रॅममधून मिळालेला लाभही १ जानेवारी २०१० पासून वसुलीतून वगळला आहे. ती मदत निर्धास्तपणे घ्यावी.

डीडवर बाबांचं आणि माझं, दोघांचं नाव आहे. ते गेल्यावर घर जाईल का?

अख्खं घर जाणार नाही. राज्याचा दावा फक्त बाबांच्या हिश्श्यावर असतो, आणि तोही मेडिकेडने भरलेल्या रकमेपुरता. तुमचा स्वतःचा हिस्सा तुमचाच. पण बाबांच्या हिश्श्यापर्यंत राज्याचा हात पोचतो का, हे दोन गोष्टींवर ठरतं: डीडवरची शब्दरचना, आणि तुमचं राज्य 'इस्टेट', म्हणजे गेलेल्या माणसाची मागे राहिलेली मालमत्ता, कशाला मानतं.

आधी डीड. दोन जण एकत्र मालक असतील तर मालकी मुख्यतः दोन प्रकारची असते. 'टेनंट्स इन कॉमन' असेल तर प्रत्येकाचा हिस्सा वेगळा. बाबा गेले की त्यांचा हिस्सा मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे, प्रोबेटमधून, म्हणजे कोर्टामार्फत होणाऱ्या वारसा-वाटपातून, पुढे जातो. 'जॉइंट टेनंट्स विथ राइट ऑफ सर्व्हायव्हरशिप' असेल तर एक मालक गेल्याक्षणी त्याचा हिस्सा मागे राहिलेल्याकडे आपोआप येतो. प्रोबेट मध्ये येतच नाही.

आता राज्य. केंद्राचा कायदा सांगतो की प्रोबेटमधली मालमत्ता वसुलीला पात्र आहेच. राज्याची इच्छा असेल तर त्याने व्याख्या रुंद करावी आणि प्रोबेटबाहेरून गेलेलं, म्हणजे जॉइंट टेनन्सी, तहहयात हक्क, लिव्हिंग ट्रस्ट अशा वाटांनी गेलेलंही त्यात धरावं. मृत्यूच्या क्षणी त्या माणसाचा जेवढा हक्क होता तेवढ्यापुरतं.

न्यू जर्सीने ही रुंद व्याख्या घेतली आहे. ओहायो आणि मिनेसोटाही त्याच गटात. न्यू यॉर्क, टेक्सास आणि कॅलिफोर्निया प्रोबेटपुरते थांबतात. म्हणजे हडसन नदीच्या अलीकडे आणि पलीकडे तोच डीड, तेच बापलेक, आणि निकाल मात्र उलटा. न्यू यॉर्कच्या क्वीन्समधल्या मित्राने दिलेला सल्ला न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये जसाच्या तसा वापरू नका.

आकड्यांत सांगाल का?

समजा घराची किंमत ५ लाख डॉलर आणि त्यावर १ लाखाचं कर्ज आहे. बँकेचं कर्ज आधी फिटतं, म्हणून निव्वळ किंमत ४ लाख. बापलेकाचा हिस्सा निम्मा-निम्मा, म्हणजे बाबांचे २ लाख. बाबांसाठी मेडिकेडने २ लाख ६० हजार भरले.

टेनंट्स इन कॉमन असेल तर न्यू जर्सी असो वा न्यू यॉर्क, बाबांच्या २ लाखांवर दावा येऊ शकतो. त्यातूनही अंत्यसंस्काराचा आणि इस्टेटच्या कामकाजाचा खर्च सहसा आधी वजा होतो. वरचे ६० हजार, बाबांची दुसरी मालमत्ता नसेल तर, कुणाकडूनच मागता येत नाहीत. जॉइंट टेनन्सी असेल तर न्यू जर्सीत त्याच २ लाखांवर दावा उभा राहू शकतो, न्यू यॉर्कमध्ये तो हिस्सा दाव्याबाहेर राहतो.

आमच्या डीडमध्ये नेमकं काय लिहिलंय ते कसं कळणार?

घराची फाइल काढा, किंवा काउंटी क्लर्कच्या कार्यालयातून नोंदवलेल्या डीडची प्रत मागवा. बऱ्याच काउंट्यांची नोंद आता ऑनलाइन सापडते. पहिल्याच पानावर, घेणाऱ्यांची नावं संपतात तिथं पुढचे चार-पाच शब्द वाचा. नावांपुढे काहीच लिहिलेलं नसेल आणि ते नवराबायको नसतील, तर बहुतेक राज्यांत ती टेनन्सी इन कॉमन धरली जाते. घर घेताना क्लोजिंगच्या टेबलावर इतके कागद पुढ्यात येतात की या ओळीकडे कुणी पाहत नाही. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर कुणाचं नाव आहे यावरून मालकी ठरत नाही.

आई नर्सिंग होममध्ये कधी गेलीच नाही. रोज फक्त डे केअरला जाते. त्याचीही वसुली होते?

न्यू जर्सीत होते, आणि आपल्या लोकांना सगळ्यात मोठा धक्का इथंच बसतो. सकाळी व्हॅन दाराशी येते, आई साडी नेसून, डबा न घेता निघते, कारण शाकाहारी जेवण तिथंच मिळतं. नर्स रक्तदाब तपासते, भजन होतं, चारला व्हॅन परत सोडते. एकट्या पडलेल्या माणसाला या केंद्रांनी खरोखर जीव लावला आहे. पण हे मेडिकल डे केअर मेडिकेडच्या पैशांवर चालतं, आणि न्यू जर्सी वयाच्या ५५ नंतर मेडिकेडने भरलेल्या सगळ्या सेवांचे पैसे मागू शकतं, फक्त नर्सिंग होमचे नव्हे.

त्यात आणखी एक मेख आहे. आता बहुतेक लाभार्थी एखाद्या मॅनेज्ड केअर कंपनीत असतात. राज्य त्या कंपनीला दर महिन्याला माणशी ठराविक रक्कम देतं. वसुलीत मोजली जाते ती ही मासिक रक्कम. आई महिनाभर पुण्याला जाऊन आली, डॉक्टरकडे एकदाही गेली नाही, तरी मेडिकेडचं कार्ड चालू असेल तर त्या महिन्याचा आकडा खात्यावर चढलेला असतो. अर्जाच्या कागदांत हे स्पष्ट छापलेलं असतं. म्हणून गरज नसताना फक्त 'असू दे हाताशी' म्हणून कार्ड चालू ठेवू नका, आणि लांबच्या मुक्कामाला जाताना काउंटीच्या कार्यालयाला कळवा. गरज असेल तर मात्र वसुलीच्या धास्तीने सेवा सोडू नका. आईची आजची देखभाल घराच्या उद्याच्या किमतीपेक्षा मोठी आहे.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१७ किंवा त्यानंतर मृत्यू झाला असेल तर वसुली दीर्घकालीन काळजी आणि तिच्याशी जोडलेल्या खर्चापुरतीच राहते, तीही फक्त प्रोबेटमधल्या मालमत्तेतून.

बाबा हयात असतानाच घरावर बोजा चढवतात म्हणे?

काही राज्यं चढवतात. १९८२ च्या एका कायद्याने तशी परवानगी दिली. माणूस नर्सिंग होममध्ये आहे आणि घरी परतण्याची शक्यता नाही, असं ठरल्यावर सूचना आणि सुनावणीची संधी देऊन राज्य त्याच्या हिश्श्यावर बोजा नोंदवू शकतं. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा चढतो तसाच हा प्रकार: मालकी जात नाही, पण विकताना आधी त्यांचे पैसे द्यावे लागतात. माणूस घरी परतला तर बोजा उतरवावाच लागतो.

घरात पती किंवा पत्नी, २१ वर्षांखालचं मूल, अंध किंवा अपंग मूल राहत असेल तर असा बोजा चढवता येत नाही. घरात मालकी हिस्सा असलेला आणि आधी किमान वर्षभर तिथं राहिलेला सख्खा भाऊ किंवा बहीण राहत असेल तरी नाही. म्हणजे बाबांचं आणि काकांचं सामाईक घर असेल, काका तिथंच राहत असतील, तर काकांमुळे हा बोजा चढवता येत नाही.

आई अजून आहे. धाकट्या भावाला अपंगत्व आहे. तरी वसुली होईल?

आई हयात असेपर्यंत बाबांच्या खर्चाची वसुली करता येत नाही. २१ वर्षांखालचं मूल असेल तर तोवर नाही. अंध किंवा अपंग मूल असेल तर त्याचं वय कितीही असो, वसुली करता येत नाही, आणि त्याने त्याच घरात राहायला हवं अशी अट इथं नाही. भाऊ पुण्यात राहत असेल तरी त्याचा उल्लेख उत्तरात करा. अपंगत्वाची कसोटी सोशल सिक्युरिटीची असते, त्यामुळे वैद्यकीय कागद तयार ठेवा. राज्य आपणहून विचारेल याच्या भरवशावर राहू नका.

आईची सेवा मीच केली. नोकरी अर्धवेळ केली. याची काही दखल?

आहे, आणि चांगली आहे. आई नर्सिंग होममध्ये जाण्याआधी किमान दोन वर्षं मुलगा किंवा मुलगी तिच्या घरात राहत असेल, आणि त्याच्या किंवा तिच्या सेवेमुळेच आईला तेवढा काळ संस्थेत जावं लागलं नाही असं दाखवता आलं, तर आई आपला हिस्सा त्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर करू शकते. एरवी अशा हस्तांतरणावर जो दंडकाळ, म्हणजे मेडिकेड पैसे भरत नाही असा काळ, लागतो तो इथं लागत नाही.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली म्हणजे वेळ. हे हस्तांतरण आई हयात असताना व्हायला हवं. ती गेल्यावर सेवेचे पुरावे घेऊन गेलात तर केंद्राच्या कायद्याप्रमाणे ही सवलत फक्त आधी चढवलेल्या बोजाच्या वसुलीपुरती उरते. साध्या इस्टेट दाव्यात ती मिळेलच असं नाही. सगळं करूनही ही एक सही राहून गेली, अशी घरं आहेत.

दुसरी गोष्ट सांगताना मला वाईट वाटतं. कायद्यात शब्द आहेत 'मुलगा किंवा मुलगी'. आपल्या घरांत सासूला उठवणं, बसवणं, औषधं देणं, रात्री तीनला हाकेला धावणं हे कितीदा सून करते. तिची सेवा या सवलतीत मोजली जात नाही. नातवाचीही नाही. मुलगा स्वतः काय करत होता हेच पाहिलं जातं. म्हणून मुलाने प्रत्यक्ष काम अंगावर घ्यावं, आणि त्याची नोंद राहील असं पाहावं: डॉक्टरांचं पत्र की आईला संस्थेच्या पातळीची देखभाल लागत होती आणि ती घरी मुलगा देत होता, टॅक्स रिटर्न आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याच घराचा पत्ता, नोकरीत घेतलेल्या रजेचे कागद. डॉक्टरांचं पत्र तेव्हाच मागा. पाच वर्षांनी डॉक्टर बदललेले असतात.

त्यापेक्षा आत्ताच बाबांचं नाव काढून टाकलं तर?

सगळे हेच विचारतात. उत्तर वेळेवर अवलंबून आहे. दीर्घकालीन सेवेसाठी अर्ज करताना राज्य मागच्या ६० महिन्यांचे व्यवहार तपासतं. ही पाच वर्षांची मुदत फेब्रुवारी २००६ मध्ये लागू झालेल्या डेफिसिट रिडक्शन अॅक्टने आणली. त्या काळात बाबांनी आपला हिस्सा फुकट किंवा कमी किमतीत दिला असेल तर ते बक्षीस धरलं जातं आणि दंडकाळ लागतो.

दंडकाळ असा मोजतात. दिलेला हिस्सा २ लाखांचा, आणि राज्याने धरलेला नर्सिंग होमचा सरासरी मासिक खर्च समजा १० हजार डॉलर. मग २० महिने मेडिकेड पैसे भरणार नाही. हे २० महिने हिस्सा दिल्या दिवसापासून सुरू होत नाहीत. बाबांना संस्थेची गरज लागली, त्यांचे पैसे संपले, अर्ज केला, आणि केवळ या बक्षिसामुळे अडलं, त्या दिवसापासून ते मोजले जातात. म्हणजे हातात पैसे उरलेले नसताना दोन लाखांचं बिल समोर उभं राहतं.

वडील साठीत आहेत, तब्येत ठणठणीत आहे, तर पाच वर्षांचा हिशोब जमू शकतो. ते ८४ वर्षांचे असून स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली असेल, तर घाईने केलेला डीड बहुधा अंगाशी येतो.

कराची बाजूही आहे. बक्षीस घेतलेल्या हिश्श्याला बाबांनी घेतलेल्या वेळची जुनी किंमत चिकटते, वारशाने आलेल्या हिश्श्याला मृत्यूच्या दिवसाची बाजारकिंमत मिळते. १९९८ मध्ये २ लाखांना घेतलेलं घर आज ६ लाखांचं असेल, आणि मुलगा तिथं राहत नसेल, तर विकताना त्याला हा फरक चांगलाच जाणवतो. शिवाय नाव एकदा मुलाचं झालं की त्याचं कर्ज, त्याचा घटस्फोट, त्याच्यावरचे दावे यांचीही सावली घरावर पडते. आणि आईबाबा स्वतःच्याच घरात पाहुणे होतात. कायद्याच्या पुस्तकात हे लिहिलेलं नसतं, पण घराघरांत दिसतं.

ट्रस्ट किंवा तहहयात हक्क ठेवून दिलं तर?

रद्द करता येणाऱ्या लिव्हिंग ट्रस्टचा प्रोबेटपुरत्या राज्यांत उपयोग आहे, न्यू जर्सीसारख्या राज्यात तो वसुलीपासून वाचवत नाही. न फिरवता येणारा ट्रस्ट वाचवू शकतो, पण त्याला पाच वर्षांचा नियम लागू आहे. स्वतःकडे तहहयात राहण्याचा हक्क ठेवून बाकी मालकी मुलाला दिली तर दिलेल्या भागापुरतं ते बक्षीसच. फ्लोरिडा, टेक्सास, मिशिगन अशा काही राज्यांत 'लेडी बर्ड डीड' चालतो. त्यात हयातीत विकण्याचा हक्कही पालकाकडेच राहतो, आणि तिथं हा मार्ग बराच वापरला जातो. हे सगळे प्रकार वकिलाच्या टेबलावर बसूनच ठरवा. इंटरनेटवरचा तयार नमुना भरून नोंदवू नका.

घर मीच घेतलं, हप्तेही मीच भरले. बाबांचं नाव फक्त मानाने घातलं होतं.

आपल्याकडे असं खूप घडतं. मात्र राज्य डीड पाहतं, आणि दोन नावं असली की हिस्से समान धरून चालतं. बाबांनी एक डॉलरही घातला नव्हता हे दाखवायचं तर डाउन पेमेंटचं बँक स्टेटमेंट, कर्जाचे हप्ते, टॅक्स, विमा, सगळे कागद लागतील. ते आजच एका जागी ठेवा. नाव काढायचं असेल तर कोणत्या आधारावर काढतोय हे वकिलाकडून लिहून घ्या, म्हणजे उद्या त्याला बक्षीस म्हणणं अवघड जाईल.

याच्या उलट प्रकारही तितकाच नेहमीचा. आईबाबांनी पुण्याचा फ्लॅट विकला, पैसे इकडे आणले, मुलाच्या घराच्या डाउन पेमेंटला दिले, आणि डीडवर नाव फक्त मुलाचं. हे पैसे पाच वर्षांच्या आतले असतील तर अर्जाच्या वेळी ते बक्षीस ठरतात. त्या पैशांच्या बदल्यात त्यांना मुलाच्या घरात तहहयात हक्क दिला असेल तर तो खरा व्यवहार मानला जाऊ शकतो, मात्र त्यानंतर किमान वर्षभर त्यांनी त्या घरात राहायला हवं.

घर नावावर असताना मेडिकेड मिळतं तरी कसं? मर्यादा तर २,००० डॉलरची आहे ना?

बहुतेक राज्यांत एकट्या माणसाची मर्यादा तेवढीच आहे. पण राहतं घर त्यात धरत नाहीत, जोवर परतण्याचा इरादा आहे आणि त्यातला स्वतःचा हिस्सा ठराविक रकमेच्या आत आहे. २०२५ मध्ये ही रक्कम राज्याप्रमाणे ७,३०,००० ते १०,९७,००० डॉलर होती. २०२५ च्या नव्या कायद्याने २०२८ पासून शेतघरं वगळता तिला १० लाखांची कमाल घातली आहे. सामाईक घराबाबत आणखी एक तरतूद फार कमी जणांना माहीत असते: घर विकावं लागलं तर सहमालक बेघर होईल अशी स्थिती असेल, तर तो हिस्सा मालमत्तेत मोजत नाहीत. पात्रता मिळाली म्हणजे वसुलीतून सुटका झाली असं मात्र नाही. घर हयातीत सुरक्षित राहतं, आणि दावा नंतर येतो.

पुण्यात आईच्या नावावर फ्लॅट आहे, गावी शेतीत हिस्सा आहे. सांगावं लागतं का?

हो. अर्जात मालमत्ता जगात कुठेही असो, लिहावी लागते. फ्लॅटचं भाडं हे उत्पन्न. तो पाच वर्षांच्या आत पुतण्याला स्वस्तात दिला असेल तर तेही बक्षीस. न वाटलेल्या वडिलोपार्जित शेतीतला हिस्सा खरोखर विकता येतो का, हा वेगळा प्रश्न आहे. सातबारा, फेरफार आणि भारतातल्या वकिलाचं लेखी मत जोडलं तर तो मांडता येतो. 'तिकडचं इथं कुणाला कळणार' असं म्हणून लपवणं ही फसवणूक आहे, आणि सही आईची असते.

आई ग्रीन कार्डवर आहे. तिला हे लागू होतं?

ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारण पाच वर्षं केंद्राच्या पैशांचं पूर्ण मेडिकेड मिळत नाही. हा १९९६ चा नियम. तिला बोलावताना तुम्ही सही केलेल्या अॅफिडेव्हिट ऑफ सपोर्टमुळे (तिचा खर्च सांभाळण्याच्या हमीपत्रामुळे) तुमचं उत्पन्नही तिचं धरलं जाऊ शकतं, ती नागरिक होईपर्यंत किंवा कामाच्या ४० तिमाह्या जमेपर्यंत. मेडिकेड सुरू झालं की वसुलीचे नियम सगळ्यांना सारखेच. पुढे आई कायमची भारतात परतली तरी आधी झालेल्या खर्चाचा दावा इथल्या घरातल्या तिच्या हिश्श्यावर राहतोच.

बाबा गेले. राज्याचं पत्र आलं आहे. काय करू?

पत्रावरची मुदत आधी पाहा. आक्षेप आणि हार्डशिपचा अर्ज यांना मोजकेच दिवस असतात. घाबरून फोनवर काही कबूल करू नका आणि घर विकायलाही काढू नका. बाबांच्या खात्यातले पैसे भावंडांत वाटून टाकू नका. दावा शिल्लक असताना वाटप केलं तर इस्टेट सांभाळणाऱ्यावर ते वैयक्तिकरीत्या येऊ शकतं.

मग लेखी मागणी करा की दाव्याचा तपशील महिन्यानुसार द्या. त्यात ५५ वर्षांआधीचा खर्च धरलाय का, कार्ड बंद झाल्यानंतरचे महिने आहेत का, मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रॅमची मदत मिसळली आहे का, हे तपासा. हिश्श्याचं मूल्यांकन त्यांनी कसं केलं ते विचारा आणि स्वतः अप्रेझल करून घ्या. आई हयात आहे, भाऊ अपंग आहे, ही माहिती पुराव्यासकट पहिल्याच उत्तरात घाला.

हार्डशिप म्हणजे वसुलीमुळे वारसावर फारच बिकट वेळ येणार असेल तर मिळणारी माफी. ती देण्याची पद्धत प्रत्येक राज्याकडे असावीच लागते, निकष वेगवेगळे असतात. न्यू जर्सीत याशिवाय एक सोय आहे: कुटुंबातला माणूस बाबांच्या मृत्यूआधीपासून सलग त्या घरात राहत असेल आणि तेच त्याचं मुख्य घर असेल, तर राज्य बोजा नोंदवतं पण तो राहतो आहे तोवर वसूल करत नाही. घर स्वखुशीने विकलं, तो माणूस सोडून गेला किंवा वारला, तरच पैसे मागितले जातात. 'मी इथंच राहतो, ही सवलत मला हवी आहे' असं उत्तरात शब्दशः लिहा, राहण्याचे पुरावे जोडा, पत्र पोचल्याची पावती मिळेल अशा टपालाने पाठवा, आणि त्याची एक प्रत वकिलाकडे द्या.